सगळ्यांत शेवटी बाहेर येणारी

आई आज सकाळी गेली.

आणि मी, सत्तरी गाठलेली बाई, जिनिंगच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरीसारखी घाबरले आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. बोरी अरब गावात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनिंगमध्ये, आई बायकांची मुकादमीण होती. सासूनंतर ते काम तिच्याकडे आलं होतं. बाबा नव्हते.

जिनिंग बंद पडली.

आई काम मागत फिरली. मुकादमकी नको, साधी मजुरी द्या म्हणायची. उत्तर सगळीकडे एकच.

"मुकादमीण राह्यलेली बाई तू. बायका तुयं ऐकतीन. मंग आमच्या मुकादमाले कोन पुसते?"

माझा नातू म्हणतो, आजी, याला ओव्हरक्वालिफाइड म्हणतात. असेल बाबा. आम्ही तेव्हा उपाशी झोपायचो, एवढं मला माहीत.

शेवटी नेरच्या जिनिंगमध्ये ती चक्क खोटं बोलली. जिनिंगचं काम कधी केलंच नाही म्हणाली. लागली कामाला.

मला बजावलं, "कोनी पुसलं तं सांगजो, माही माय घरीच राहे."

मी भीतीने कोणाशी बोलायचीच नाही. चुकून तोंडातून गेलं तर?

रोज संध्याकाळी भोंगा झाला की मी फाटकाशी. बायका बाहेर यायच्या, केसांत कापूस अडकलेला. त्यांत आई नसायची.

मला वाटायचं, पकडली असेल. हाकललं असेल.

मग ती यायची. सगळ्यांत शेवटी.

बायका तान्ही लेकरं कामावर आणायच्या, कापसाच्या ढिगाआड निजवायच्या. जुन्या जिनिंगमध्ये मुकादमीण, कोणाचं लेकरू आत राहू नये म्हणून, सगळे कोपरे बघून, सगळ्या गेल्यावरच निघायची. इथे ते तिचं काम नव्हतं. पण तिचा पायच निघायचा नाही.

"माय, तू आंधी निंघत जाय नं!" मी रडायची.

"हव, उद्या निंघतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका संध्याकाळी मुकादम दाराला कुलूप लावत होता. फाटकातून मला दिसत होतं. तेवढ्यात आईचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"थांब भाऊ! मांगचा कोपरा पाह्यला का?"

तो आत जाऊन आला. आत कोणीच नव्हतं.

मग त्याने आईला नीट न्याहाळलं.

"बाई, कोन्या जिनिंगले मुकादमीण होती तू?"

 दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरूनच परत पाठवलं.

रस्त्याने मी ओरडले, "काहून पुसलं वो माय? कोनीच नोतं ना आत!"

"थे पाह्यल्यावरच समजलं नं."

तिचा हात घामाने ओला झाला होता. तीही घाबरते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे लोकांच्या शेतात निंदण करून तिने मला वाढवलं. तिथे आधी काय होतीस, हे कोणी विचारत नव्हतं.

सवय मात्र गेली नाही. लग्नघर असो की एसटी, आई शेवटीच बाहेर येणार.

आज हॉस्पिटलमध्ये आम्ही सगळे तिच्या खोलीत होतो. म्हणाली, "जा, चहा पिऊन या सारे. मी आहो इथं."

आम्ही कॅन्टीनला गेलो.

खोलीत कोणी उरलं नाही.

मग ती निघाली.

माय, मले लय भेव लागून राह्यलं वो. आता फाटकाशी उभं राहून कोनाची वाट पाहू?

पन कोपरे मी पाहतो.

तू जाय.