कुसुमताईचं मत

कुसुमताई गजभिये घरी साड्यांना फॉल-पिको करते. वॉर्ड नऊमधून ती अपक्ष निवडून आली. नगरसेवकाला आमच्याकडे पार्षद म्हणतात. तिचा उमेदवारी अर्ज मीच भरला होता. एम.ए. करून घरी बसलेल्या मुलीला गल्लीत तेवढं काम असतं. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, तरी आमचं जमतं.

आमचं गाव मध्य प्रदेशातल्या सौसरपासून अर्ध्या तासावर. नगर परिषदेत पंधरा पार्षद. सात रघुनाथरावांकडे, सात केशवरावांकडे. दोघांनाही अध्यक्ष व्हायचं होतं. अध्यक्ष पार्षदांनी निवडायचा, म्हणजे ताईच्या एका मताने.

पहिल्या सभेला दोन्ही गटांचं कोणी आलं नाही. जिंकण्याची खात्री नव्हती, मग कशाला यायचं? ताई एकटीच गेली. अकरा ते एक बसली. सभेला निदान आठ जण लागतात, ते नसल्यामुळे सभा तहकूब, असं अधिकाऱ्याने रजिस्टरात लिहिलं आणि तो जेवायला गेला.

असे दोन महिने गेले. वॉर्ड नऊची नळाची मोटर जळली होती. दुरुस्तीची फाइल तयार होती, पण अध्यक्ष नाही म्हणून कोणी तिला हात लावेना. बाया शाळेच्या हापशीवरून पाणी वाहत होत्या. ताई दोन्ही पुढाऱ्यांकडे जाऊन आली. पहिली सही या फाइलवर करणार असाल तर मत देते, एवढंच तिचं म्हणणं. रघुनाथरावांनी चहा पाजला आणि नितीनभाऊंना पाठवा म्हणाले. केशवरावांनी चहा पाजला नाही. म्हणाले मात्र तेच.

नितीनभाऊ तिचा नवरा. ऑटो चालवतो. वाईट माणूस नाही. पण निवडून ती आली आणि हार त्याच्या गळ्यात पडले. प्रशिक्षणालाही तोच जाऊन आला.

मग केशवरावांनी आपली माणसं पचमढीला नेली. फुटू नयेत म्हणून नेतात, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. त्यांच्या गटात चार बाया पार्षद. गाड्यांत त्यांतली एकही नव्हती. तिघींचे नवरे होते, एकीचा दीर होता. आणि नितीनभाऊ होता. तिथे लोट्यातल्या पाण्यात मीठ टाकून प्रत्येकाने शपथ घेतली. ताईच्या मताचं मीठ नितीनभाऊने टाकलं. ताई तेव्हा हापशीच्या रांगेत होती.

तुला फोन तरी केला का, मी विचारलं. केला होता, ती म्हणाली. स्वेटर कुठे ठेवला ते विचारायला.

दुसऱ्या सभेला केशवरावांचा गट आला, रघुनाथरावांचा नाही. मी ताईसोबत दारापर्यंत गेले. चार बाया भिंतीशी बाकावर बसल्या होत्या. खुर्च्यांवर तिघींचे नवरे, एकीचा दीर. ताईच्या नावाच्या पाटीमागे नितीनभाऊ, नवा शर्ट घालून. अधिकारी ताईला म्हणाला, इथे सही करा आणि तिकडे बसा, भाऊ सांगतील तिथे शिक्का मारा. हा माणूस परीक्षा देऊन साहेब झाला आहे. त्याने हे भर सभेत सांगितलं.

ताईने पेन घेतला नाही. "आधी माही खुर्ची खाली करा."

"वहिनी, भाऊनं मीठ टाकलं हाये," केशवराव म्हणाले. "शब्द देला हाये आमाले."

"त्यायनं त्यायचा देला. माहा कोणी मांगतलाच नाई."

लोक हसले. घरचं भांडण घरी करा, कोणीतरी म्हणालं.

"उठा न जी," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "मी उभी हाये."

नितीनभाऊने केशवरावांकडे पाहिलं. उठला नाही. ताई सही न करता बाहेर आली. आत सातच उरले. सभा पुन्हा तहकूब.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की महिला पार्षदाच्या हट्टामुळे निवड रखडली. दोन महिने चौदा जण आले नाहीत, तो हट्ट नव्हता. शेजारची कलाबाई पाण्याची रिकामी गुंडी घेऊन दारात आली. तुले खुर्चीच पाह्यजे व्हती का, तिने विचारलं. मला राग आला. ताईला नाही आला. "हाव बाई," ती म्हणाली. "उभ्यानं कोण आयकते?"

तिसऱ्या सभेला ती दीड तास आधी गेली आणि आपल्या पाटीमागे बसली. या वेळी दोन्ही गट आले, कारण मत अजून मोकळं आहे हे सगळ्यांना कळलं होतं. नितीनभाऊ येऊन थांबला आणि भिंतीशी उभा राहिला. मतदानाआधी ताईने सगळ्यांसमोर फाइलचं विचारलं. पहिली सही तिच्यावरच करतो, रघुनाथराव म्हणाले. ते आमी नितीनसंग बोलून घेऊ, केशवराव म्हणाले.

मतं मोजली. आठ विरुद्ध सात. रघुनाथराव अध्यक्ष झाले.

बाहेर येताच केशवरावांनी नितीनभाऊची कॉलर धरली. "मीठ टाकून फिरला तू? किती घेतले त्यायच्याकडून?" माणसं गोळा झाली. नितीनभाऊ घाबरून हात जोडत होता. मी काहीच केलं नाही, म्हणत होता. खरंच बोलत होता.

"मत मी देलं," ताई म्हणाली. दोन हातांच्या अंतरावर उभी होती ती. मग आणखी मोठ्याने म्हणाली.

केशवरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "वहिनी, तुमी बाजूले व्हा," ते म्हणाले आणि पुन्हा नितीनभाऊला जाब विचारू लागले.