समुद्राची राणी चहा नको म्हणाली

मुलांनो,

तुमच्या घरी एका पुस्तकावरून भांडण चालू आहे, असं परवाच्या फोनवर कळलं. समुद्राच्या राणीची गोष्ट तुमची आई तुम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. ती ज्या इंग्रजी कादंबरीतली, ती कादंबरी थोरलीला तिथल्या लायब्ररीत मिळाली आणि तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. राणी मुलीच्या घरी येते तो प्रसंग तिच्यात नाही. आई म्हणते आहे, नीट वाच. थोरली म्हणते, आई थापा मारते. धाकट्याने थोरलीची बाजू घेतली आहे, कारण टॅब तिच्याकडे असतो. आता आई तुमच्याशी कामापुरतं बोलते. हे प्रकरण मिटवू शकेल असं माणूस मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे फाटे फुटणार नाहीत.

नव्वदच्या दशकात आम्ही एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, आमच्याजवळ असत. त्यांचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवालं. तुमची आई दहावीत असताना ती कादंबरी मी नाशिक रोड स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून आणली. तिचं इंग्रजी सुधारावं हा हेतू होता. मी स्वतः इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण मुखपृष्ठावर दीपगृह होतं आणि ते मला शैक्षणिक वाटलं. मलपृष्ठावर राजपुत्र होता. त्याचा शर्ट ओला होता. तो घरी आल्यावर दिसला.

दीपगृहात एक मुलगी राहते. समुद्राखालच्या राज्याचा राजपुत्र तिला भेटायला वर येतो. त्याला शाप आहे, की तिच्याशी एक वाक्य बोललं की त्याची एक आठवण जाते. त्यामुळे तो फार बोलत नाही, नुसता बघतो. तुमच्या आईला हे अतिशय थोर वाटलं. मलाही वाटलं. दुपारी मी वाचायची, संध्याकाळी ती, आणि एकीने दुसरीच्या पुढे जायचं नाही असा नियम केला होता. सासूबाईंना इंग्रजी येत नसे, म्हणून मेथी निवडता निवडता आम्ही त्यांना वाचलेलं मराठीत सांगायचो.

“विसरतो तर लिहून का ठेवत नाय?” त्या म्हणाल्या.

“आजी, राजपुत्र आहे तो!”

“मंग कारकून ठेवावा. आन् त्याची आई कुठं हाय? एवढं घोड्याएवढं पोरगं रोज वर येऊन दुसऱ्याच्या पोरीकडं बघत बसतं, घरचं कुणी इचारत नाय?”

“आईचं अजून काही आलं नाही.”

“येईल. आईबिगर पोरगं होतं का?”

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं आणि पुस्तकं पूजेला बसतात, आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावरच उठतात. तोवर त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाटावर आजोबांची पक्कड आणि पाने असत, माझी कात्री असे, सासूबाईंचं माहेराहून आणलेलं खुरपं असे. पुस्तक सासूबाई निवडत. त्या वर्षी त्यांनी सगळ्यात जाड ते निवडलं. वडिलांना राजपुत्र दिसू नये म्हणून तुमच्या आईने कादंबरीला खाकी कव्हर घातलं होतं, त्यामुळे ती भूमितीची सख्खी बहीण वाटत होती. तुमच्या आईने पाहिलं तेव्हा कव्हरवर हळदकुंकू पडलेलं होतं, वर झेंडूचं फूल होतं, आणि तिची शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिली होती.

“आजी! ते अभ्यासाचं पुस्तक नाहीये!”

“मंग कशाचं हाय?”

आजोबा शेजारीच हात जोडून उभे होते.

“अभ्यासाचंच आहे,” तुमची आई म्हणाली.

मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. सासूबाई तिथे झेंडूचा ढीग घेऊन तोरणं ओवत बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं.

“आता पुरं. वाचायचं नाय म्हंजी नाय. सांगायला कुणी बंदी केली?”

“तुला शेवट कुठे माहितीये?”

“माहीत कशाला पायजे? पोरगी एकटी हाय, पोरगा विसरभोळा हाय. आता कुणीतरी मोठं माणूस यायला पायजे. ती सुई दे.”

आणि राणी आली. ती अंगावरच्या ओल्या साडीनिशी पाण्यातून चालत आली, मुलीच्या दारात उभी राहिली, खुर्ची दिली तर नको म्हणाली आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. चहा नको म्हणाली, आत्ताच घेतलाय. मग म्हणाली, “बाई, माझं पोरगं विसरतं. खोटं कशाला बोलू? पण मी विसरत नाय. तू ये घरी. तुझं नाव मी त्याला रोज सकाळी सांगीन.”

तुमची आई रडायची थांबली. मी पोळ्या लाटत होते, मीही थांबले. तव्यावरची करपली.

दसऱ्याला रात्री पुस्तक उठलं आणि तिने उरलेली प्रकरणं वाचून काढली. छान आहे, एवढंच म्हणाली. ते तिच्यासारखं नव्हतं, पण मी विचारलं नाही, आणि माझी ती दोन प्रकरणं वाचायची राहूनच गेली.

पुढे तिचं लग्न झालं आणि ती तिकडे गेली. त्यानंतर काही वर्षांनी सासूबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. तुमच्या आईचा फोन रविवारी यायचा. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची. तिकडून पहिल्यांदा ती आपलं नाव सांगायची, मग कुणाची कोण ते सांगायची, मग बोलायला लागायची. दर रविवारी पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, “हां, हां, वळखलं.” ओळखलेलं नसे. तिने कधी आळस केला नाही.

सासूबाई गेल्या. आजोबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून आम्ही नाशिक रोडला फ्लॅटमध्ये आलो. सामान बांधताना रद्दीच्या ढिगात ती कादंबरी हाताला लागली. टेम्पोवाला मनमाडहून यायचा होता, म्हणजे वेळ होता. खोक्यावर बसून मी ती पुन्हा वाचली.

चांगली नाही. राजपुत्राचे डोळे जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत आणि त्यांचा रंग बदलतो. मुलगी दिवा लावते आणि उसासे टाकते. तो संपूर्ण कादंबरीत काहीही काम करत नाही. मी तरीही वाचत राहिले, कारण मला राणीपर्यंत पोहोचायचं होतं. राणी आलीच नाही. शेवटच्या पानावर दोघं दीपगृहाच्या पायरीवर बसून एकमेकांकडे बघतात आणि पुस्तक संपतं. मी पानांचे आकडे तपासले. एकही पान गेलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या प्रसंगासाठी ते पुस्तक थोर मानत होते, तो माझ्या स्वयंपाकघरात झाला होता. चहा आत्ताच घेतलाय म्हणणारी समुद्राची राणी इंग्रजी कादंबरीतली नसणार, हे बी.ए.ला कळायला हवं होतं.

मी तुमच्या आईला फोन केला.

“पान गळलं असेल,” ती म्हणाली.

“आकडे तपासले.”

“मग नीट वाच, आई.”

टेम्पो आला. रद्दीवाल्याने पुस्तक उचललं होतं, ते मी काढून घेतलं. पूजेला बसलेली वस्तू रद्दीत देत नाहीत, असं त्याला सांगितलं. त्याला ते पटलं.

तेव्हा थोरलीने वाचलं ते बरोबर आहे आणि आई थापा मारत नाही. दोघींनी एकमेकींशी बोलावं.

पुस्तक माझ्या कपाटात आहे. खाकी कव्हर फाटलं आहे, कुंकवाचा डाग आहे. राणी तुमच्या आईला तोंडपाठ आहे, आणि आता तुम्हालाही.