भिकुबाईच्या कानातला रेचा

नशिराबादची भिकुबाई जळगावच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, बारा हंगाम रेच्यावर उभी राहिली. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढणारं यंत्र. असे रेचे ओळीने फिरू लागले की शेजारणीशी बोलायलाही तिच्या कानात तोंड घालावं लागतं. बाई किडकिडीत, पण बोलायला लागली की वना मुकादमाने वाट बदलावी. बायकांना पाणी प्यायला सुट्टी मिळाली ती तिच्याच तोंडामुळे. वना ते विसरला नव्हता.

एकाहत्तरच्या हंगामात तिला ते सुरू झालं. उभ्या उभ्या छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या, श्वास अडकायचा, आता मरतेच असं वाटायचं. पंधरा मिनिटांत सगळं ओसरायचं. तिसऱ्यांदा ती काम टाकून अंगणात जाऊन बसली, तेव्हा वना सगळ्यांदेखत म्हणाला, "भिकुबाई येडी व्हयी गई. डॉक्टरना कागद आन, मंग रेच्यावर पाय ठेव."

वेड्यांच्या डॉक्टरकडे कोण बाई आपल्या पायाने जाईल, असा त्याचा हिशेब. नवरा मगनही म्हणाला, "लोके काय म्हनतीन?"

"लोके म्हनीच राह्यनात. आते डॉक्टरले म्हनू दे."

धुळ्याला मनाचा डॉक्टर दर गुरुवारी बसायचा. शेजारच्या रेच्यावरची बुधीबाई सोबत निघाली. खाटेला बांधतात, डोक्याला वीज लावतात, असं एस.टी.त तिने धुळ्यापर्यंत ऐकवलं. भिकुबाई म्हणाली, "बांधाले उना ते चावसू."

तिथे दोरी नव्हती, वीज नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि पुण्याकडचा तरुण डॉक्टर. त्याने नाडी पाहिली, छातीला नळी लावली, गळा चाचपला. मग प्रश्न. झोप लागते का? जेवण जातं का? आज वार कोणता? दारू, तंबाखू? ती सगळ्यांना फटाफट उत्तरं देत गेली.

"जीव द्यावासा वाटतो का?"

"जीव जाई म्हनीसन ते घाबरस मी. देसू कसाले?"

"कुणी नसताना आवाज ऐकू येतात?"

"येतस ना. रोज. रातले आडी पडनू का सुरू."

"काय म्हणतात?"

"काय म्हनतीन? घर्रर्र, घर्रर्र."

डॉक्टर मान खाली घालून लिहू लागला. भिकुबाईला अक्षर येत नव्हतं, पण लिहिणाऱ्याचं तोंड वाचता येत होतं. हजेरीत खाडा मांडताना वना अस्साच गप्प होतो.

"काय लिखं?"

"तपासणीचं आहे, बाई."

"तपासनी मनी आनि मलेच सांगाव नही? वाच."

डॉक्टर चपापला. वाचलं, "बाईंना भास होतात."

भिकुबाई उठलीच. दाराकडे तोंड करून ओरडली, "बुधे, मझार ये! घर गयावर तुले रेचा ऐकू येस का नही?"

"येस ना माय," बुधीबाई धापा टाकत आत येऊन म्हणाली. "बठ्ठ्या बायास्ले येस. हंगाम सरना तरी पंधरा दिन येस."

"मंग लिख, डॉक्टर! बठ्ठ्या बायास्ले येडी लिख!"

डॉक्टर हसला, पण स्वतःला. लिहिलेलं खोडलं. "चूक माझी. सगळ्याच बायकांना ऐकू येतो तो भास नव्हे. मी माणसांचे आवाज विचारत होतो." मग त्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, हे पहिल्यांदा व्हायच्या आधी काय घडलं होतं?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ती बसली आणि सांगू लागली. पलीकडच्या रेच्यावरच्या गुंताबाईचा पदर रेचा फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला, पदरामागे हात गेला. तिला ओढून काढलं ते भिकुबाईने. दुसऱ्या दिवशी जिन पुन्हा सुरू.

"हे वेड नाही," डॉक्टर म्हणाला. "चिंतेचा आजार आहे, बरा होतो. धोका नसतानाही तुमचं शरीर धोक्याची घंटा वाजवतं."

"नही कसा? पट्टा आजून उघडाच शे. तेबी लिख."

त्याने तेही लिहिलं. गोळ्या दिल्या, श्वास मोजून सोडायला शिकवलं, महिन्याने परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी रेचे सुरू होण्याआधी तिने कागद वनाच्या हातात दिला. "मोठ्यानं वाच. मले वाचता येत नही."

वनाने वाचलं. बाई वेड्या नाहीत. कामाला योग्य आहेत. पट्टा मात्र झाकावा, त्याने अपघात झालेला आहे. शेवटच्या ओळीला त्याने आवाज खाली आणला, तेव्हा मागून बुधीबाई म्हणाली, "ऐकू नही उनं, वनाभाऊ. परत वाच." त्याला परत वाचावं लागलं.

"मनाकडे शहानी असल्याना कागद शे," भिकुबाई म्हणाली. "तुनाकडे शे का?"

बायका हसल्या, पण रेच्यापाशी एकही गेली नाही. दुपारी पट्ट्याला जाळी लागली, मग रेचे फिरले.

त्यानंतरही कधीमधी तिची छाती धडधडायची. ती उंबऱ्यावर जाऊन श्वास मोजत बसायची, लपायची नाही. वना बघायला लागला की म्हणायची, "देखस काय? घंटा वाजी राह्यनी. जाळी देखी ये."

आणि तो जाऊन बघून यायचा.