अकोल्याची मशीन का उठली नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी पातूरच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले पाच रोडगे खाल्ल्याचंही सांगून बसलोय.

रोडग्यांवरूनच सुरू करतो. तेवढाच मूळ मुद्दा लांब राहतो.

मी अमरावतीत एका इस्पितळाचे सर्व्हर सांभाळायचो. रिपोर्टांचा सर्व्हर इथे राजापेठेत, त्याच्या जोडीची मशीन अकोल्यात, शिंगणेदादांकडे. मला हे काम दादांनीच शिकवलेलं. इथल्या सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट होती. दर अर्ध्या मिनिटाला ती तपासायची, रिपोर्टांची सेवा चालू आहे का? शून्य म्हणजे चालू, तीन म्हणजे बंद. तीन आलं की अकोल्याची मशीन काम उचलणार. एवढंच.

पण सर्व्हर जरा सुस्तावला तरी स्क्रिप्ट बोंब ठोकायची, आणि फोन मला. रोडग्यांच्या दिवशी मी काय केलं असेल? तपासणीच काढून टाकली. एक ओळ ठेवली — काहीही होवो, शून्य सांग. त्या दुपारपुरतीच. पाचव्या रोडग्यानंतर कोणाला काय आठवतं?

दोन महिन्यांनी, भर दुपारी, सेवा बंद पडली. स्क्रिप्ट आपली सांगतेय, शून्य. चार तास लोक रिपोर्टांसाठी उभे. मला ती ओळ सापडली — आणि कोणी बघायच्या आत मी ती पुसली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, अकोल्याची मशीन झोपली कशी? सगळे दादांकडे बघत होते. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो, काढत होतो.

"माहीच चूक असंल, साहेब," दादा म्हणाले. "मशीन माही होती."

घाबरलो होतो का? हो. पण खरं सांगू — ते हे बोलले, आणि मला हायसं वाटलं.

महिन्याभरात दादांनी नोकरी सोडली. आता हिवरखेडला भावासोबत भाजीपाला करतात. मला वांगी पाठवतात. फोनवर इकडचं तिकडचं झालं की तिथेच येतात — "गजू, माही मशीन काहून उठली नसंल रे? तुले समजलं त सांगजो."

मी म्हणतो, मशीनच ते, दादा.

त्यांची मशीन जागीच होती. तयार होती. तिला हाकच गेली नाही.

काल पुन्हा वांगी आली. भरीत केलं. मी दोनदा घेतलं.