अंपायरची लेक

आमच्या हेब्बाळच्या लेआउटमध्ये कोपऱ्यावर घर बांधायची एक रिकामी साइट आहे. मालक म्हणे अमेरिकेत. त्याचं घर काही उठत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी आमची पोरं तिथे क्रिकेट खेळतात. त्या माणसाला अमेरिकेतच सुख लागो, एवढंच माझं मागणं. प्लास्टिकचे स्टंप, टेनिसचा बॉल. बॉल शेजारच्या मंजुनाथांच्या कंपाउंडात गेला की मारणारा आउट. देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं बघत कॅच सोडला तर रडायचं नाही. आणि अंपायर एकच, चंद्रकांतभावजी.

मी महानंदा. मूळची निपाणीची. लग्न होऊन इथे कानडी मुलखात आले त्याला इतकी वर्षं झाली की मराठीत बोलता बोलता 'स्वल्प थांब' म्हणते आणि घरात कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. लेआउटात लहानथोर सगळे मला अक्का म्हणतात. माझा अजिंक्य त्या पोरांत विकेटकीपर आहे आणि पक्का भांडकुदळ. कुणावर गेलाय ते विचारू नका.

भावजी आमच्या समोरच्या घरात राहतात. साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासायची नोकरी. एकदा मी सहज विचारलं, तर चहा गार होईपर्यंत समजावत बसले. म्हणाले, "अक्का, आमच्याकडे साधा नियम. शंका आली की तो भाग नापास. चर्चा नाही." मी म्हटलं, बरोबर आहे बाबा, वर आमचीच माणसं बसलेली असतात. मग हसून म्हणाले, "क्रिकेटात मात्र उलटं. नीट दिसलं नाही की नॉट आउट."

हे दोन्ही नियम त्यांनी अगदी मनापासून पाळले. दुसऱ्यांच्या पोरांना क्रिकेटचा नियम, आणि स्वतःच्या ईराला कारखान्याचा.

ईरा त्यांची एकुलती एक. तिसरीत आहे. अंगाने काडी, पण बॅट अशी फिरवते की माझा अजिंक्य मागे दोन पावलं सरकून उभा राहतो. ती बॅट भावजींनीच घडवलेली. शनिवारी दुपारी गॅलरीत बसून लाकूड तासायचं, हा त्यांचा छंद. बाप-लेक दोघंही भुश्शाने माखलेले, आणि प्रतिमा, म्हणजे त्यांची बायको, झाडू घेऊन दारात उभी. शाळेच्या दिवशी लेकीच्या वेण्या तेच घालतात. एक वेणी वर, एक खाली, पण पोरगी त्याच वेण्या मिरवत बसमध्ये चढते. असा बाप मिळायला नशीब लागतं, हे मी माझ्या नवऱ्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

पण रविवारी पांढरी टोपी डोक्यावर चढली की या माणसाला काय व्हायचं, देव जाणे. अजिंक्यच्या पायाला बॉल लागला की भावजी मान वाकडी करून विचार करणार आणि म्हणणार, "शंका आहे. नॉट आउट." ईराच्या पायाला लागला की बोट वर. मंजुनाथांची नात रन घेताना धडपडली तर "नॉट आउट." ईरा क्रीजमध्ये पोचली की नाही यावर वाद झाला, बोट वर. कुणी म्हणायला नको ना, अंपायरने आपल्या मुलीला झुकतं माप दिलं! अहो, कोण म्हणणार होतं? एकदा तर आमचे शिवकुमार, जे घरात पंखा कुणी बंद करायचा यावरसुद्धा मत देत नाहीत, ते म्हणाले, "चंद्रकांत, पोरीवर अन्याय होतोय." भावजी नुसते हसले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

आणि मग दसऱ्यानंतरचा तो रविवार. मी नेहमीप्रमाणे होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली दगडावर बसले होते, मांडीवर इडलीचा डबा. ईरा बॅटिंगला. बॉल आला, बॅटच्या शेजारून गेला आणि अजिंक्यच्या हातात बसला. हा माझा दिवटा लागला नाचायला, "आउट, अंकल, आउट!" मी भावजींकडे पाहिलं. हात खालीच होता. तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होते.

ईराने बापाकडे पाहिलंच नाही. बॅट काखेत मारली आणि सरळ चालत माझ्याजवळ येऊन बसली.

मी म्हटलं, "अगं, दिलं कुठे अजून आउट?"

बुटाची लेस सोडत ती म्हणाली, "देणारच ना अक्का."

ना रडली, ना चिडली. शाळेची बस येणारच, अशा आवाजात म्हणाली. मला रडणारी पोरं चालतात, त्यांना दोन धपाटे आणि एक लाडू दिला की काम होतं. पण हिला काय द्यायचं, मला कळेना. तिकडे भावजींनी उघडलेलं तोंड मिटलं आणि पुढच्या पोराला हात केला.

पुढच्या रविवारी ईरा आली नाही. पोटात दुखतंय म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी चित्रं काढायची होती. ती घडवलेली बॅट चपलांच्या कपाटामागे गेली. प्रतिमा मला गेटवर गाठून म्हणाली, "अक्का, शनिवारी ती गॅलरीतसुद्धा येत नाही हो आता. हा एकटाच लाकूड घासत बसतो. विचारलं की म्हणते, मला क्रिकेट आवडत नाही. तुम्हाला पटतं का हे?"

मला नाही पटलं. आणि न पटलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. दिवाळीची डिंक-सुक्यामेव्याची करदंट केलीच होती, ती डब्यात घातली आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. ईरा प्रतिमाबरोबर दुकानात गेली होती.

"भावजी," मी म्हटलं, "त्या दिवशी बॉल बॅटला लागला होता?"

"ती स्वतःच गेली ना. म्हणजे लागला असणार."

"मी तिचं विचारत नाही. तुम्हाला काय दिसलं?"

त्यांनी डब्यातून करदंटीचा तुकडा उचलला. मग म्हणाले, "नव्हता लागला. मी नॉट आउट म्हणणारच होतो. पण ती निघाली, मग मला वाटलं…"

"ती का निघाली, ते मला विचारा." आणि मी सांगितलं. 'देणारच ना अक्का.' तिच्याच आवाजात सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

त्यांनी करदंटीचा तुकडा उचलला होता, तो परत डब्यात ठेवला. बराच वेळ टीपॉय पुसत बसले, कापड नसताना. मग त्यांच्या वडिलांचं सांगायला लागले. वडील शाळेत हेडमास्तर. हे त्यांच्याच वर्गात. वर्गात गडबड झाली की आधी उभं कुणी राहायचं, तर चंद्रकांतने. पेपरात अर्धा मार्क कुणाचा कापायचा, तर चंद्रकांतचा. "सगळ्या गावात अण्णांचं नाव होतं," ते म्हणाले. "हेडमास्तर स्वतःच्या मुलालाही सोडत नाहीत म्हणून."

"गावाचं राहू दे. तुम्हाला बरं वाटायचं का?"

"सवय झाली होती."

"तेच म्हणते मी. तिलाही झालीय."

मला वाटलं, जरा जास्तच झालं. पण बोलून गेलेलं परत कुठे घ्यायचं? डबा तिथेच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी भावजींनी मुलांना सांगून टाकलं, आता मी अंपायर नाही. पोरं हवालदिल. कारण समोर राज्योत्सव, म्हणजे राज्याचा स्थापनादिवस, आलेला. एक नोव्हेंबरला आमच्याकडे लाल-पिवळा झेंडा चढतो, केसरीबात म्हणजे केशरी शिरा होतो आणि मग आईबाप विरुद्ध पोरं अशी मॅच असते. अंपायर कोण होणार? मंजुनाथांना लांबचं दिसत नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि त्यात शहाणपण होतं. शेवटी पोरांचं शिष्टमंडळ ईराकडे गेलं, निदान खेळायला तरी ये म्हणून. ती म्हणाली, "खेळणार नाही. अंपायर होईन." अजिंक्य घरी येऊन पाय आपटत होता, "अय्यो अम्मा, ती तर तिच्या बाबालाच जिंकवणार!" मी म्हटलं, तसं केलं तर मी तिला पेढे देईन.

झेंडा झाला, केसरीबात झाला. ईरा बापाची पांढरी टोपी घालून उभी राहिली. टोपी नाकापर्यंत येत होती, सारखी वर ढकलायला लागायची. पण पोरीची नजर बॉलवरून हलली नाही. आमचे शिवकुमार पहिल्याच बॉलला आउट, त्यात वादाला जागाच नव्हती. भावजी मात्र चांगले टिकले. चोरून लेकीकडे बघायचे आणि ती बघत नाही असं पाहून परत बॉलकडे वळायचे. मला इतकं वाईट वाटलं सांगू त्या माणसाचं! स्वतःच्याच लेकीसमोर नवीन नोकरीला लागल्यासारखे उभे.

अगदी शेवटची ओव्हर. भावजींनी बॉल ढकलला आणि ईराच्या बाजूला धावले. अजिंक्यने बॉल उचलून फेकला तो ईराच्या अंगावरच यायला लागला, ती उडी मारून बाजूला झाली. बॉल स्टंपवर, भावजी क्रीजवर, आणि लाल धुरळा. सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "आउट!"

भावजींनी लेकीकडे पाहिलं नाही. बॅट काखेत मारली आणि निघाले झाडाकडे. तशीच मान, तशीच चाल. मी दगडावरून उठून उभी राहिले.

"बाबा!" ईरा ओरडली. "कुठे चाललास?"

ते थांबले. "आउट ना गं?"

"मी दिलंय का आउट?"

पोरांनी कल्ला केला. अजिंक्य तर टोपीलाच हात घालायला निघाला होता, मी इथूनच असं नाव घेतलं त्याचं की जागेवर खिळला. ईराने टोपी वर ढकलली. "मी उडी मारली, मला नीट दिसलं नाही. नीट दिसलं नाही की नॉट आउट. बाबा, तूच सांगतोस ना सगळ्यांना."

सगळ्यांना. भावजी खाली बघून बॅटने माती उकरायला लागले. पलीकडच्या टोकाला प्रतिमाने पदर तोंडाला लावला. मग ते परत क्रीजवर गेले, प्रतिमाने एक रन काढला, पुढच्याच बॉलला भावजींचा त्रिफळा उडाला आणि ईराने बोट इतकं उंच केलं की टोपी मागे पडली. मॅच पोरांनी जिंकली. त्यांनी अजिंक्यला उचलायचा प्रयत्न केला, पण त्याचं वजन त्यांना पेललं नाही.

पोरं उरलेल्या केसरीबाताकडे पळाली. ईरा एकटीच स्टंप गोळा करत होती. भावजी तिच्यापुढे जाऊन उकिडवे बसले. मी काही ऐकायला गेले नव्हते, डबा उचलायला गेले होते, पण ऐकू आलं.

"ईरा, त्या दिवशीचा बॉल बॅटला लागला नव्हता. तू नॉट आउट होतीस. मी बोलायला हवं होतं."

"माहितीये मला," ती म्हणाली. "बॅट माझ्या हातात होती ना."

या एवढ्या माणसाच्या डोळ्यांतून सरळ पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. ईराने टोपी काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. मग काहीतरी आठवल्यासारखी म्हणाली, "म्हणजे माझी बॅटिंग राहिलीये."

"राहिलीये," भावजी म्हणाले.

ती बॅट आणायला घराकडे पळाली. भावजींनी स्टंप परत मातीत ठोकले. मी अजिंक्यला बखोट धरून केसरीबातावरून उठवलं आणि सांगितलं, जा, मागे उभा राहा कीपिंगला, आणि आज ओरडायचं नाही.