मूठ ज्वारीची, चिमूट उडदाची

धुळ्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं एक मासिक पत्रक निघायचं. ते कोणी वाचत नाही हे सगळ्यांत आधी मला ठाऊक होतं, कारण ते टाईप मी करायचे. एकदा दुसऱ्या पानावरचा अख्खा परिच्छेद तिसऱ्या पानावर पुन्हा छापला गेला, आणि एकाही घरातून तक्रार आली नाही. मराठी टायपिंगच्या दोन परीक्षा पास होऊन मी घरी बसले होते. लग्न ठरत नव्हतं आणि जीभ वाजवीपेक्षा जास्त चालत होती. "पोरीला देवाच्या कामाला लावा," असं पाळकसाहेबांनी आईला सुचवलं. देवाचं काम म्हणजे चर्चच्या व्हरांड्यातला एक खडखड्या टाईपरायटर, मेणाची स्टेन्सिलं आणि शाई ओकणारं सायक्लोस्टाइल मशीन. रविवारी उपासनेला बसायचे तेव्हा माझ्या नखांत काळी शाई असायची, आणि मला त्या शाईचा माज होता. खोटं कशाला बोलू?

पत्रकाचा अग्रलेख मंडळीचे अध्यक्ष लिहायचे. निवृत्त हेडमास्तर होते ते. लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस सचोटीचा, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की ऐकताना आपली पाठ आपोआप ताठ व्हायची. त्यांचं एक वाक्य सुरू झालं की शिंदखेड्याच्या एस.टी.सारखं फाट्या-फाट्यावर थांबत जायचं. क्रियापद येईपर्यंत आपण कुठून निघालो ते विसरायला व्हायचं.

आई मंडळीच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाक करायची. तिला अक्षरओळख नव्हती. ती बोलायची अहिराणीत, मी उत्तर द्यायचे मराठीत, आणि भांडण लागलं की दोघीही अहिराणीत. बोर्डिंगमध्ये तीस-पस्तीस मुली होत्या, बहुतेक साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरच्या. कोणाच्याच घरात आधी बाई शाळेत गेलेली नव्हती. आई त्यांना शिव्या घालायची, त्यांच्या उवा काढायची, आणि कोणाच्या ताटात किती भाकरी गेल्या हे झोपेतसुद्धा सांगायची.

त्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात मंडळीची सभा बसली. बोर्डिंगसाठी बाहेरून येणारी मदत बंद झाल्याचं पत्र आलं होतं. नानांनी ते उभं राहून वाचलं, चष्मा काढला आणि सांगितलं, "कोठीत नोव्हेंबरातल्या हंगामाच्या सणापर्यंत पुरेल इतकं धान्य आहे. त्यानंतर मुलींना घरी पाठवावं लागेल. मलाही हे आवडत नाही."

घरी पाठवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मोठ्या सहाजणी मार्चमध्ये दहावीला बसणार होत्या. नोव्हेंबरात घरी गेलेली पोर मार्चमध्ये परत येत नाही. तिचं लग्न लागलेलं असतं. तरी सगळे खाली माना घालून बसले.

आई चहाचे कप गोळा करत होती. हातातलं ताट तसंच धरून ती म्हणाली, "नाना, एक इचारू का? बठ्ठ्या बायास्नी रोज भाकर करता करता एक मूठ ज्वारी नि एक चिमूट उडीद बाजूले काढी ते? पोरी उपाशी ऱ्हातीन का?"

कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता हयात नाही, म्हणून सोडून देते. नाना मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मुठीमुठीने बोर्डिंग चालत नसतं. पण सणापर्यंत वेळ आहे. करून बघा. सणाच्या दिवशी जे जमेल ते पाहून मंडळी निर्णय घेईल."

घरी आल्यावर मी जोशात कामाला लागले. ही गोष्ट धुळ्यातल्या घरांत तोंडी सांगता आली असती, पण आमची माणसं पार शिंदखेड्यापासून धरणगावपर्यंत विखुरलेली. पत्रकाला पर्याय नव्हता. मी नानांच्या थाटात एक आवाहन लिहिलं, त्यात 'औदार्य' दोनदा आणि 'समर्पण' तीनदा आलं, आणि ते आईला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ती भांडी घासत ऐकत होती.

"तू लिखस ते माले समजत नही," ती म्हणाली, "ते गावनी बाईले काय समजी? चित्र काढ."

राग आला. पण म्हातारीचं बरोबर होतं. मी आवाहन फाडलं आणि स्टेन्सिलवर टोकदार लोखंडी लेखणीने चित्र काढायला बसले. चूल काढली, परात काढली, एका हातात मूठभर ज्वारी नि दुसऱ्यात चिमूटभर उडीद धरलेली बाई काढली. शेजारी दोन डबे काढायचे होते, एक ज्वारीचा, एक उडदाचा. पहिला डबा झकास उतरला. दुसऱ्याच्या वेळी लेखणी जरा जोरात दाबली गेली आणि स्टेन्सिल टर्रकन फाटलं. नवीन स्टेन्सिल नव्हतं. मी फाटक्या जागेवर ते लालसर करेक्शनचं पाणी फासलं, वाळू दिलं, आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे, खाली लिहिलंय की, 'दोन्ही धान्ये वेगवेगळी ठेवावीत'. शहाण्याला शब्दाचा मार.

पत्रकं छापली. गठ्ठे करून एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरांच्या हाती गावोगाव धाडले. आणि काय सांगू! जन्मात पहिल्यांदा आमचं पत्रक लोकांनी भिंतीवर लावलं. एका घरी चुलीवरच्या फळीला, एका घरी कोनाड्यात, एका घरी तर थेट पिठाच्या डब्यावर खळ लावून चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं. दिवाळीच्या सुमारास धरणगावची एक म्हातारी अक्का चर्चमध्ये मला गाठून म्हणाली, "मन्हा डबा निम्मा भरना." तिला वाचता येत नव्हतं. मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते.

हंगामाचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आला. वेदीपुढे दरवर्षीसारखी कपाशीची बोंडं, केळीचे घड, वांगी, भोपळे मांडलेले होते. पण त्या वर्षी लोक उपासना संपायची वाट बघत होते, कारण प्रत्येकाच्या पायाशी एकेक डबा होता. कोणी वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणला होता, कोणी दुधाच्या पावडरीचा, कोणी पितळी. शेवटचं गीत झाल्याबरोबर बाया रांगेने मागच्या आवारात गेल्या. तिथे स्वच्छ सारवून पोती मांडली होती, डावीकडे ज्वारीची, उजवीकडे उडदाची. मी हातात यादी घेऊन रुबाबात उभी होते.

पहिल्या बाईने डबा उघडला. ज्वारी होती, आणि तिच्यात काळे उडीद मिसळलेले होते. मला वाटलं, बिचारीचा काहीतरी गोंधळ झाला. दुसरीने उघडला. तेच. तिसरी, चौथी, धरणगावची अक्का... सगळ्यांच्या डब्यात ज्वारी-उडीद एकत्र! अग बाई गं! चित्रात एकच डबा होता. माझं लिखाण कोणी वाचलं नव्हतं, चित्र मात्र सगळ्यांनी जसंच्या तसं पाळलं होतं.

खजिनदार पुढे झाले. त्यांनी ओंजळभर दाणे घेऊन चाळणीत टाकले. चाळणीतून दोन्ही बरोबरच खाली पडले. "हे आता निवडणार कोण? सहा महिने लागतील," ते म्हणाले. "बाजारात कोणी हात लावणार नाही. कोंबड्यांना घाला." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. अडीच महिने ज्यांनी रोज भाकरीतली मूठ काढली होती, त्यांच्या तोंडावरचा तो भाव मला आजही सहन होत नाही. नाना काठी टेकत आले. डब्यांत पाहिलं आणि चष्मा काढला. बोर्डिंगच्या मुली भिंतीलगत उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "दुसरा डबा काढताना स्टेन्सिल फाटलं. मी तसंच दामटलं." आणि एवढ्या लोकांत भोकाड पसरलं.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने जवळच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला, मूठ वर काढली, तळहातावर दाणे पसरले, आणि हसायलाच लागली.

"रडस कसाले? हाई ते कळणं शे!"

खानदेशाबाहेरच्या माणसासाठी सांगते. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आमच्याकडे भाकरी करतात, तिला कळण्याची भाकरी म्हणतात. हिवाळ्यात ती खाल्ली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नको. आम्ही सगळ्यांनी ती लहानपणापासून खाल्लेली, आणि त्या आवारात उभ्या असलेल्या एकाही शहाण्याला, मला धरून, ती आठवली नव्हती. एकदा हे धान्य 'चुकलेलं' ठरलं, की मग ते कोणाला ओळखूच येईना.

"उडीद जरासा कमी शे," आई दाणे चाळवत म्हणाली. "मीठ नि मेथी मी टाकसू."

रविवारी गिरणी बंद असायची, पण गल्लीतले गिरणीवाले शेठ आईला बहीण मानायचे. त्यांनी जेवण अर्धवट टाकून गिरणी उघडली. सणाच्या पंगतीला भात-रस्सा तयार होता, तरी आईने मागे तीन दगडांची चूल मांडली. पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आधी पोटोबा मग विठोबा, असं आपण म्हणणं बरं दिसत नाही, पण आज म्हणतो." तेव्हा कुठे मला हसू फुटलं.

पहिली भाकरी तव्यावरून उतरली. तिच्यावर कच्चं तेल, शेजारी मिरचीचा ठेचा आणि कांदा. आईने ताट नेऊन नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"खाई ल्या नाना. मंग बोला."

नानांनी तुकडा मोडला. सगळं आवार त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग मान खाली घालून अख्खी भाकरी संपवली. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ठेच्याने असतील म्हणा. आणि ज्या माणसाच्या तोंडून आम्ही कधी अहिराणीचा एक शब्द ऐकला नव्हता, ते आमचे हेडमास्तर रिकामं ताट पुढे करून म्हणाले,

"आजून एक दे वं माय."

पहिल्यांदा कोणाला खरंच वाटेना. मग धरणगावची अक्का खो खो हसत सुटली, आणि तिच्यामागे सगळं आवार. बायांनी आपापले डबे स्वतःच पोत्यांत ओतायला सुरुवात केली. खजिनदारही पोत्याचं तोंड धरून उभे राहिले.

हात धुतल्यावर नाना पुन्हा आपल्या मराठीवर आले. "बाई, हे किती दिवस पुरेल?"

आईने पोती डोळ्यांनी मोजली. "संक्रांतलोंग."

"आणि पुढे?"

आईने बायांकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "डबा काय आम्ही आठेच ठेवी जासुत का? परत लई जासुत, परत भरसुत." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. नानांनी तिथेच, उभ्याउभ्या, सभा घेतली. बोर्डिंग मार्चच्या परीक्षेपर्यंत चालू राहील, असं ठरलं. हात वर करायला सांगितले तेव्हा बायांनीही केले. आमच्या मंडळीत बायांनी हात वर केल्याचं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ कामं केली. छापखान्यात होते, पुढे एका संस्थेची पुस्तकंही काढली, चार माणसांत बरं बोललं जाईल असं नाव झालं. पण लोकांपर्यंत गोष्ट पोचवायची कशी, हे मला कोणी शिकवलं असं विचारलं, तर मी न वाचता येणाऱ्या माझ्या आईकडे बोट दाखवते. आणि ते सांगताना माझी छाती फुगते, तर फुगू दे.

त्या दिवशी संध्याकाळी आई आणि मी उरलेलं पीठ घेऊन बोर्डिंगवर गेलो. निर्णय सभेत झाला होता, पण मुलींना कोणीतरी मी रडत होते तेव्हाच आवारातून परत पाठवलं होतं. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. व्हरांड्यात भिंतीला लावून पत्र्याच्या पेट्या ओळीने ठेवलेल्या होत्या, दोरीने करकचून बांधलेल्या. प्रत्येक पेटीवर तिची मालकीण बसली होती, अंगावर बाहेर जायचे कपडे, डोक्याला तेल. कोणी रडत नव्हतं. त्या नुसत्या वाट बघत होत्या, की घरी न्यायला कोण येतंय.

आईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पहिल्या पोरीला दंडाला धरून उठवलं, आणि तिच्या पेटीची गाठ सोडायला बसली.

"दोऱ्या सोडा वं पोरीस्वन," ती म्हणाली. "सकाय कपडा वाळत टाकाले माले लागतीन."