आपल्या तोंडानं आपलं कौतुक

परदेशी मुलांसाठी बनवलेली आत्मसन्मानाची प्रश्नावली मी मराठीत आणली, तेव्हा माझा स्वतःचा आत्मसन्मान भलताच जोरात होता. शब्द न् शब्द घासूनपुसून घेतला होता. आता ती आपल्याकडच्या मुलांना लागू पडते का, एवढंच पाहायचं होतं. नाही पडली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं माझ्या पीएचडीच्या गाईडनी बजावलं होतं. म्हणून सकाळची एसटी धरून मी पिशोरच्या एका शाळेत आठवीच्या वर्गासमोर उभी राहिले.

पहिलंच वाक्य होतं, ‘माझं कौतुक व्हावं असं माझ्यात काहीतरी आहे.’ पुढे हो किंवा नाही. सगळे एकमेकांच्या कागदांत डोकावू लागले. शेवटी पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली.

“मॅडम, हे आपल्या तोंडानं कसं सांगावं? घरी इचारावं लागंल.”

“तुला स्वतःला काय वाटतं ते लिही ना.”

“मला काय वाटायचंय? अप्पा तं मला कधीच चांगलं म्हनले नाय.” तिचा चेहरा एवढासा झाला. मला तिचं वाईट वाटलं, आणि प्रश्नावलीचं तर फारच.

हात टेकून मी कागद घरी न्यायला दिले. आठवड्यानं परत घ्यायला गेले आणि कपाळाला हात लावला. अख्ख्या खानदानांनी ते भरले होते. एका मुलाच्या आत्मसन्मानावर आजोबा आणि काकांचं एकमत झालं नव्हतं, म्हणून दोघांनी वेगवेगळ्या खुणा करून खाली सह्या ठोकल्या होत्या. एका आईनं ‘हो’वर खूण करून शेजारी काजळाचा ठिपका लावला होता, लेकाला नजर लागू नये म्हणून. संशोधनात काजळाचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वेण्यांच्या मुलीचा कागद घडी घालून भाताच्या शितांनी चिकटवलेला होता. ती माझ्या शेजारी उभी राहिली, हलेना. मी घडी उघडली. पहिल्या वाक्यापुढे तिच्या वडलांनी पेन दाबून लिहिलं होतं, ‘लई आहे. पण पोरीला सांगू नका.’

“काय लिव्हलं अप्पांनी?”

माझी पंचाईत झाली. तिला सांगून टाकावं असं फार वाटत होतं, पण बापाचा शब्द मोडायचा कसा?

“तुला सांगू नका, असं लिहिलंय.”

मग वळून तिनं सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, “चांगलंच लिव्हलंय! वाईट असतं तं अप्पा तोंडावरच बोलले असते!”